मराठी शाळा सुटेपर्यंत

सुहास गेल्याचं कळलं तेव्हा मी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतो. शनिवारची सकाळ, अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयमध्ये फेब्रुवारीत असते तशी हाडं गोठवणारी थंडी, आणि खिशात फोन थरथरला. हातमोजा काढायचा कंटाळा म्हणून पहिल्यांदा तो तसाच वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मोजा दातात धरून ओढला. पुण्याच्या आमच्या जुन्या ऑफिसातला मित्र होता. "मंदार, सुहास गेला रे. आज दुपारी, नागपूरला. हार्ट अटॅक." मी विचारलं, "कोण सुहास?" माझ्या आयुष्यात सुहास नावाचा एकच माणूस होता, बावीस वर्षं होता, तरी विचारलं. मग फोन ठेवला आणि उरलेली अर्धी काच खरवडून पूर्ण केली. अशा वेळी माणसं मटकन खाली बसतात, त्यांना रडू फुटतं, असं आपण वाचतो. मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण तेच लिहिलं नाही तर पुढच्या सगळ्याला काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच... पण वाटलं. आता या माणसाला तोंड दाखवायची वेळ येणार नाही, असं मनात आलं. रडू आलं ते नंतर, गाडीत बसल्यावर, आणि ते सुहाससाठी किती आणि स्वतःच्या त्या विचाराच्या किळसेपोटी किती, हे मला आजही सांगता येत नाही.

तेरावं झाल्यावर मेघनाचा फोन आला. मेघना म्हणजे सुहासची बायको. आवाज थकलेला होता पण ठाम होता. म्हणाली, "इथल्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत साध्या माणसांच्या आठवणी छापतात. सुहासवर तू लिही. इतकी वर्षं त्याला दुसरं कोण ओळखतं? आणि तिकडे त्याचा जॉब गेला तेव्हा तू त्याच्यासाठी केलंस ना सगळं. सुहास सांगायचा मला." मी म्हणालो, "लिहितो ना, मेघना. नक्की लिहितो." फोन ठेवला. अश्विनीनं, माझ्या बायकोनं, विचारलं, "काय म्हणाली?" तर म्हणालो, "काही नाही, लिहायला सांगितलंय."

सुहास माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि ऑफिसातही दोन वर्षं पुढे. मी कॉलेजातून ताजा ताजा बाहेर पडलेला, पुण्याचा, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी समजूत घेऊनच आलेला. पहिल्या दोन महिन्यांत मी क्लायंटचा टेस्टिंगचा सगळा डेटा उडवला. एका चुकीच्या कमांडमध्ये सगळं साफ. शेजारच्या टेबलावर हा नागपूरचा सावळा, ढेरपोट्या, पानाची तल्लफ बडीशेपेवर भागवणारा माणूस बसायचा. त्यानं खुर्ची सरकवली, माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "वा बे, झाडू चांगला मारलास." मग बसून तीन तासांत सगळं परत उभं केलं. मॅनेजरनं विचारल्यावर म्हणाला, "सर, आमच्या दोघांकडून झालं." दोघांकडून! त्याचा त्यात नखाएवढा संबंध नव्हता. बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागलो तर म्हणाला, "अर्धी शिवी मी खाल्ली, अर्धी तू खाल्लीस, पचायला सोपी जाते." पुढे त्यानं मला काम शिकवलं, म्हणजे खरोखर हाताला धरून शिकवलं. आज मी ज्या कामाचे पैसे घेतो त्यातलं निम्मं त्याच्याकडून आलेलं आहे. हे मी लोकांना कधी सांगितलं नाही. उलट, "आम्ही बरोबरच सुरुवात केली," असं सांगायचो.

मग तो उत्तर इंग्लंडमध्ये दोन वर्षं ऑनसाइट जाऊन आला आणि येताना एक खूळ घेऊन आला. तिथल्या जुन्या पबमध्ये मिळणाऱ्या पिंपातल्या बिअरचं खूळ. रिअल एल म्हणतात तिला. आम्ही बाकीचे फ्रिजमधली बाटली उघडून गप्पा मारायला मोकळे व्हायचो, आणि हा तोंड वाकडं करून म्हणायचा, "हे मेलेलं पाणी आहे, प्या तुम्ही." पुढे आम्ही दोघंही डेट्रॉइटच्या बाजूला आलो, वेगवेगळ्या कंपन्यांत, गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या कामावर. ट्रॉयमध्ये दहा मिनिटांच्या अंतरावर घरं. माझी सई आणि त्याची ऋचा एकाच वर्षीच्या. दोघी एकत्र वाढल्या, एकत्र भांडल्या आणि एकत्रच मराठी शाळेत जायला नाही म्हणू लागल्या.

या मराठी शाळेचं सांगायला हवं. दर रविवारी दुपारी दोन ते चार, घरापासून वीस मिनिटांवरच्या एका जुन्या गावात भाड्याच्या हॉलमध्ये ती भरायची. आया शिकवायच्या. मुलं "मी शाळेत जाते"चा पाढा म्हणायची आणि मधल्या सुट्टीत इंग्रजीत भांडायची. बापांना मात्र आत काही काम नव्हतं. मुलांना सोडायचं आणि चारला न्यायचं. मधले दोन तास कुणी गाडीत सीट मागे टाकून झोपायचं, कुणी लॅपटॉप उघडायचं, कुणी दुधाचा गॅलन आणायला जायचं. एका रविवारी सुहासनं माझ्या गाडीची काच ठोठावली. "चल, तुला देऊळ दाखवतो." दोन चौक ओलांडून गेलो तर लाल विटांचं, उंच टोकाचं चर्च. दारावर पाटी पबची.

मी पायरीवरच थबकलो. बिअरला माझी ना नव्हती, पण देवाच्या घरात? सुहास म्हणाला, "देव राहायला गेला दुसरीकडे. घर रिकामं होतं, यांनी भाड्यानं घेतलं. तू नाही का भाड्यानं राहत?" आत गेलो. रंगीत काचांमधून ऊन येत होतं आणि त्या काचांवर, खालच्या बाजूला, त्या ज्यांनी दिल्या त्यांची नावं होती. बसायला जुनेच लाकडी बाक, मधे टेबलं घातलेली. भजनांचे क्रमांक लावायची एक लाकडी पाटी भिंतीवर तशीच होती, आणि तिच्यावर आता आज कोणती पिंपं उघडी आहेत त्यांचे नंबर. जिथे पाद्री उभा राहत असेल तिथे काउंटर, आणि त्यावर लांब दांडे. काउंटरमागच्या बाई, कॅरोल, सत्तरीच्या असतील, दांडा हळूहळू आपल्याकडे ओढायच्या आणि तळघरातली बिअर ग्लासात यायची. सुहास लहान मुलासारखा खूश. "हापसा आहे बे हा! आमच्या शाळेच्या मैदानात होता तसा." मग मला धडा सुरू. बाटलीतली बिअर गाळतात, तापवतात, वरून गॅस भरतात. ही पिंपात अजून काम करत असते, जिवंत असते. पिंप एकदा उघडलं की तीन-चार दिवस, नंतर आंबते. फार थंड करायची नाही, तळघराच्या गारव्यावरच. मी एक घोट घेतला. कोमट वाटली, कडसर, तळाशी पावाचा वास. म्हटलं, "दह्यासारखं आहे म्हणजे, रोजचं रोज." तर त्याचा चेहरा उजळला. "दह्यासारखंच! विरजण कळतं तुला, मग हे कळायला काय झालं?" कॅरोलबाई हे सगळं ऐकत होत्या, आम्ही काय बोलतो ते न कळता. सुहासनं त्यांना विरजण म्हणजे काय आणि त्यांची बिअर तशीच कशी, ते इंग्रजीत समजावून सांगितलं. दोन रिकामे ग्लास घेऊन, हातवारे करून. त्यांनी दांडा सोडून सगळं ऐकून घेतलं.

तो आमचा रिवाज झाला. चार-पाच वर्षं तरी, सुट्ट्या सोडून, दर रविवारी. तेव्हापासून एकाच गाडीनं यायचो आणि पाळी लावलेली होती. एका रविवारी एकाची एक पाइंट बिअर आणि दुसऱ्याचा आल्याचा सोडा, कारण चारला मुलींना घेऊन दुसऱ्यानं गाडी चालवायची. येताना सुहासच्या डबीतली बडीशेप. तरी ऋचा गाडीत बसल्या बसल्या नाक वर करायची, "बाबा, यू स्मेल लाइक ब्रेड." आयांना माहीत होतं, पण कुणी काही म्हणत नव्हतं. मेघना फक्त एकदा म्हणाली होती, "मुली बाराखडी शिकतात आणि बाप चर्चला जातात. लोकांना सांगताना ऐकायला किती छान वाटतं."

त्या बाकांपुढे एक घडीची फळी होती, गादी लावलेली. प्रार्थनेच्या वेळी लोक तिच्यावर गुडघे टेकायचे. आता येणारे सगळे बिनदिक्कत तिच्यावर पाय ठेवून बसत. मीही बसायचो, सोयीचं पडायचं. सुहासनं कधी ठेवला नाही. पाय आखडून, बाकाखाली घालून बसायचा. चुकून बूट लागला तर वाकून फळीला हात लावायचा आणि कपाळाला. मी चिडवायचो, "अरे, धर्म त्यांचा, फळी त्यांची, देव गेला हे तूच सांगितलंस, आणि नमस्कार कसले करतोस?" तर म्हणायचा, "देवाचं नाही बे. इथं गुडघे टेकून कोणी ना कोणी रडलं असेल ना यार. त्यावर बूट कसा ठेवायचा?" एकदा कॅरोलबाईंनी त्याला वाकताना पाहिलं आणि धावत आल्या, त्यांना वाटलं याच्या पाठीत उसण भरली. त्यानं खरं कारण सांगितलं तेव्हा त्या समोरच्या बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या की त्यांचा बाप्तिस्मा इथेच झाला होता. त्यांची आई याच बाजूच्या बाकावर बसायची आणि वडील गेल्यावर वर्षभर ती त्या फळीवरून उठायलाच तयार नसायची. त्यानंतर दर रविवारी आम्ही जायच्या आत त्या आमच्या बाकाची फळी वर घडी करून ठेवू लागल्या. मला गंमत वाटायची. आता वाटतं, त्या बाईला पाच मिनिटांत जो माणूस कळला तो मला बावीस वर्षांत का कळला नाही.

दीड वर्षापूर्वीच्या पानगळीत सुहासचा जॉब गेला. त्याच्या कंपनीनं अख्खी टीमच बंद केली, एका सकाळच्या अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये. इथे व्हिसावर असलेल्यांना त्याचा अर्थ वेगळा असतो. साठ दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाही तर घरदार आवरून निघायचं. त्याचं ग्रीन कार्ड अकरा वर्षं रांगेत होतं. ऋचा दहावीत, तिला मराठी बोलता यायचं पण लिहिता धड येत नव्हतं, आणि नागपूर म्हणजे तिच्यासाठी उन्हाळ्यात तीन आठवडे आंबे खायची जागा. मेघना नोकरी शोधण्याचा कारखानाच चालवत होती. सुहास मुलाखतींची तयारी करायचा आणि बाकीचं सगळं ती बघायची. तीन आठवडे उलटले तरी हाती काही नव्हतं, आणि तेव्हाच्या एका रविवारी, पाळी त्याची असूनही, तो म्हणाला, "तू घे. मी आज सोडा घेतो, डोकं ताळ्यावर पाहिजे." मग म्हणाला, "तुमच्या टीममध्ये एक पोझिशन ओपन आहे ना रे? पाहिली मी वेबसाइटवर. डायरेक्ट टाकलं तर ढिगात जाईल. तू रेफर करशील?" मी म्हणालो, "करशील काय, करतोच!" आणि माझ्या आवाजातला तो उत्साह मला अजून ऐकू येतो.

घरी येऊन मी कंपनीचा रेफरलचा, म्हणजे बाहेरच्या कुणाचं नाव सुचवायचा, फॉर्म उघडला. त्याचं नाव, ईमेल, फोन, त्याचा रेझ्युमे, सगळं भरलं. खाली दोन बटणं होती, एक सबमिटचं आणि एक नुसतं सेव्ह करायचं. मी सेव्ह केलं. उद्या नीट वाचून पाठवू म्हटलं. उद्याचा परवा झाला. कारणं खूप होती आणि ती सगळी मी स्वतःला पढवून ठेवली होती. मी नुकताच लीड झालो होतो आणि आल्या आल्या आपल्या माणसांची भरती करतो असं म्हणतील. माझ्या वरच्या साहेबानं एकदा हसत विचारलंच होतं, तुम्हा भारतीयांचे अजून किती मित्र आहेत? हे सगळं खरं होतं. पण खरं कारण हे नव्हतं. खरं कारण असं की ऑफिसात आणखी माणसं काढणार अशी कुजबुज होती, मीही व्हिसावरच होतो, आणि सुहास माझ्याहून चांगला होता. तो आला असता तर महिन्याभरात सगळ्यांना कळलं असतं की हे काम कुणाला येतं आणि कुणी शिकून घेतलेलं आहे. मग एकाला काढायची वेळ आली तर... एवढंच. ज्यानं अर्धी शिवी स्वतःच्या पानात वाढून घेतली होती, त्याला माझ्या पंगतीला बसवायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या रविवारी त्यानं विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी विचारलं, तेही फार संकोचून. "अबे, ते रेफरलचं... राहिलं असेल तर काही नाही, पण आता पंचवीस दिवस उरले ना." आमच्यामध्ये टेबलावर त्याचा फोन होता, स्क्रीन वर करून ठेवलेला. त्या दिवसांत त्याचा फोन कधी उपडा नसायचा. मी म्हणालो, "अरे, अर्धवट भरून ठेवलाय, थांब, आत्ताच करतो, तुझ्यासमोर." फोन काढला. फॉर्म उघडला. अंगठा सबमिटवर गेला होता. हे मी शपथेवर सांगतो, गेला होता. आणि मी पुन्हा सेव्ह दाबलं. वर बघून म्हणालो, "झालं. गेलं." "थँक्स यार," सुहास म्हणाला. नंतर तो थोडा वेळ त्याच्या फोनकडे बघत राहिला. मग त्यानं तो उचलला आणि पालथा घातला. "चल, आज ते नवीन पिंप काय आहे बघू," म्हणाला, आणि उठून काउंटरकडे गेला. मला बरं वाटलं. वाटलं, चला, विषय संपला.

आठवड्याभरात ती जागा भरली गेली. मी त्याला सांगितलं, "एचआरनं आतलाच माणूस घेतला रे, वरून ठरलेलं असतं सगळं." तो म्हणाला, "असतंच." अश्विनीनंही विचारलं होतं, सुहासचं केलंस का, तिलाही मी हो म्हणालो होतो. एक खोटं लपवायला दुसरं लागतं म्हणतात, मला तर तिसरंही लागलं. बाकीच्या ठिकाणीही त्याचं जमलं नाही, त्या वर्षी कुणाचंच जमत नव्हतं. डिसेंबरच्या सुरुवातीला ते गेले. विमानतळावर मीच सोडलं, सहा बॅगा आणि रडून डोळे सुजलेली ऋचा. मला मिठी मारून सुहास म्हणाला, "सईची मराठी शाळा बंद करू नको बे." बाकी काही नाही. मी परत येताना स्वतःला सांगितलं की माझ्या एका फॉर्मनं काय होणार होतं, कदाचित मुलाखतीलाही बोलावलं नसतं. ते तसं असेलही. मला आजही माहीत नाही, आणि माहीत होण्याचा रस्ता मीच बंद केला.

पुढच्या मे महिन्यात शेजारच्या कुलकर्ण्यांची मुलगी इंटर्नशिपसाठी विचारायला आली. इथेच जन्मलेली, गोड पोरगी. आमच्या स्वयंपाकघरात ती उभी असतानाच मी लॅपटॉपवर फॉर्म भरला आणि सबमिट केलं. लॅपटॉप मिटायच्या आत तिचा फोन किणकिणला. "गॉट द ईमेल, मंदारकाका! दॅट वॉज सो फास्ट. थँक यू!" मी विचारलं, कसला ईमेल? तिनं फोन पुढे केला. अमुक अमुक यांनी तुमचं नाव सुचवलं आहे, पुढचा फॉर्म इथे भरा. सिस्टीम आपोआप पाठवते, लगेच, सगळ्यांना. तोपर्यंत मी कुणाला कधी रेफरच केलं नव्हतं, त्यामुळे मला हे ठाऊक नव्हतं. पण सुहासला ठाऊक होतं. त्या दिवसांत निरनिराळ्या कंपन्यांतल्या दहा-बारा जणांनी त्याला रेफर केलं होतं, सगळीकडची सिस्टीम त्याला पाठ झाली होती. म्हणून तो फोनकडे बघत होता. त्यानं वाट पाहिली, काही आलं नाही, त्याला कळलं, आणि त्यानं फोन पालथा घातला. मग तो उठून गेला, कारण माझं तोंड बघत बसणं त्याला जड गेलं असेल. आणि येताना माझ्यासाठी पाइंट घेऊन आला.

तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत नऊ महिने होते. नऊ महिने तो जिवंत होता, नागपुरात, एका इंजिनीअरिंग कॉलेजात कंत्राटावर शिकवत होता. मी रोज फोन उचलू शकत होतो. कितीदा तरी "सुहास, एक बोलायचं होतं" इतकं टाइप केलं आणि पुसलं. तो मात्र नेमानं मेसेज करायचा. कॉलेजच्या पोरांचे किस्से, ऋचा आता अस्सल नागपुरी शिव्या देते, उन्हात दही चार तासांत लागतं, असलं काहीबाही. मी हसरे चेहरे पाठवायचो. गेल्या डिसेंबरात पुण्याला तीन आठवडे होतो. त्यानं लिहिलं, "येतोस का? एक चक्कर मार." विमानानं सव्वा तास. मी लिहिलं, "या वेळी फारच पॅक्ड आहे रे, नेक्स्ट टाइम पक्का." पॅक्ड होतं ते म्हणजे मावसभावाच्या घराची वास्तुशांत आणि दोन लग्नं, त्यातल्या एका नवऱ्या मुलाचं नावही मला आठवत नाही. मी घाबरलो होतो. तो काही बोलेल म्हणून नाही. तो काहीच बोलणार नाही आणि समोर ताट वाढेल, त्याला घाबरलो होतो.

सई आता मराठी शाळेत जात नाही, तिचं संपलं. पण रविवारी मी अजून त्या गावात जातो, पाय आपोआप वळतात. कॅरोलबाईंना सुहास गेल्याचं मी मार्चमध्ये सांगितलं. त्यांना नाव आठवेना, मग एकदम म्हणाल्या, "ओह नो. द वन हू एक्सप्लेन्ड माय ओन बिअर टु मी?" आणि डोळे पुसायला तळघरात निघून गेल्या. मी त्या बाकावर बसून हा लेख लिहिला, तीन रविवार लागले. पहिल्या खर्ड्यात रेफरलची गोष्टच नव्हती. त्यात हापसा होता, विरजण होतं, बडीशेप होती, छान गोड झाला होता. तो वाचला आणि मला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्यांदा सगळं लिहिलं आणि पेपरला द्यायच्या आधी मेघनाला पाठवलं. तिनं पेपरातून कळून घ्यावं इतका नीचपणा तरी नको म्हणून.

मागच्या रविवारी सकाळी अकराला, पब उघडल्या उघडल्या मी आत शिरत होतो तेव्हा तिचा फोन आला. मी पायऱ्यांवरच थांबलो. माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "मेघना, मला माफ..." ती म्हणाली, "थांब मंदार. मला माहीत होतं." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "त्याचा इनबॉक्स मीच बघत होते ना. साठ दिवस, दर तासाला. तुझ्या कंपनीचा मेल आलाच नाही. त्या रविवारी तो घरी आला तर मी विचारलं, मंदारनं केलं का? तर म्हणाला, हो, माझ्यासमोर केलं त्यानं. मी म्हटलं, मेल नाही आला. तर म्हणाला, त्यांची सिस्टीम वेगळी आहे." मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "वीस वर्षांत माझ्याशी तो एकदाच खोटं बोलला, मंदार. तुझ्यासाठी. मला कळलं होतं आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. आम्ही दोघं कधी त्यावर बोललो नाही."

मी कसंबसं विचारलं, मग मलाच लिहायला का सांगितलंस? ती म्हणाली, "तू काय लिहितोस ते बघायचं होतं." मग ती म्हणाली, "छाप. एकही शब्द बदलू नको. ऋचानं वाचलं तरी चालेल. फक्त शेवटचं वाक्य काढ. सुहासनं मला तेव्हाच माफ केलं असणार, असं लिहिलंयस ना, ते. तुला कसं माहीत? मी त्याची बायको, मला नाही माहीत. तो काही न बोलता गेला. ते तुझं तू लिहून टाकू नको."

मी "बरं" म्हणालो. आत जाऊन आमच्या बाकावर बसलो, लॅपटॉप उघडला आणि ते वाक्य काढलं. लेखाचा शेवट त्याच वाक्यानं होत होता. दुसरा करायला मी पुष्कळ वेळ बसलो, कॅरोलबाईंनी दोनदा येऊन विचारलं काही हवंय का... पण त्याच्या जागी लिहावं असं माझ्याकडे काही नव्हतं.